प्रयोगशाळेचे दार पोरांना उघडा



दर हंगामात हायस्कुलांच्या सहली कारखान्यावर येतात. पोरं वजनकाटा बघतात, गव्हाण बघतात, मूठभर गरम साखर खातात आणि एस.टी.त बसून परत जातात. प्रयोगशाळा तेवढी काचेतून दाखवायची. “आत केमिकल आहे, हात लावू नका,” एवढंच शिक्षण! आमच्या मते हे बदलले पाहिजे.

आपले पैसे ह्या खोलीशी बांधलेले आहेत. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. ह्या दशांशावरून आपण सर्वसाधारण सभेत आवाज चढवतो. चढवावाच. पण पोत्यात भरलेली साखर कुणालाही मोजता येते. रसात मुळात किती होती आणि चिपाडात, मळीत किती वाया गेली, हे प्रयोगशाळाच सांगते. ते वाचता येणारा माणूस आपल्या घरात नको काय?

शाळांची गत काय सांगावी! कित्येक ठिकाणी कपाटाला कुलूप, आणि प्रयोगवही शेजाऱ्याची बघून उतरवलेली.

आमची सूचना अशी. मोळी टाकण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, नववी-दहावीच्या पाच-सहा मुलामुलींची तुकडी बोलवावी. ज्याने त्याने आपल्या रानातला ऊस आणावा. बुडख्याकडच्या कांडीचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, मग शेंड्याकडचा. खाली २० आणि वर १४ ब्रिक्स आला तर ऊस अजून कच्चा. दोन्ही आकडे जवळ आले की तोडीला आला. बापाला तोडीची तारीख का मिळेना, ह्याचं निम्मं उत्तर पोराला तिथंच सापडेल. निम्मंच म्हणतो आम्ही. बाकीचं गट ऑफिसात.

केमिस्टसाहेबांना एक विनंती आहे. आकडा आधी सांगू नका. पोराने काच न पुसता दुसरा थेंब टाकला तर टाकू द्या. मग पुसून पुन्हा घ्यायला लावा आणि दोन्ही आकडे वहीत राहू द्या. पुढं ब्रिक्स म्हणजे सगळी साखर नव्हे, ती मोजायला पोलारिमीटर लागतो, हे दाखवा. रस निवळायला शिशाचे क्षार वापरात असतील तर ते काम मात्र तुमच्याच हाताने. शिसे विषारी असते.

पोरींना मागे उभे करू नका. आपण लावतो तो ८६०३२ ज्या कोइमतूरचा, तिथेच १९३० च्या दशकात जानकी अम्माळ ह्या बाईंनी उसाच्या संकरावर काम केले.

केमिस्ट मंडळी हंगामात तीन पाळ्यांत राबतात, हे आम्ही जाणतो. म्हणून हे फुकटचे जादा काम म्हणून त्यांच्या गळ्यात मारू नये. आठवड्यातली एक दुपार संचालक मंडळाने कामाच्या वेळेतच धरावी, आणि जुनी दोन उपकरणे दुरुस्त करून पोरांसाठी वेगळी ठेवावीत.

काहींना भीती वाटते, उद्या हीच पोरं उताऱ्याचा हिशेब विचारतील. विचारू देत की! येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा. ज्यांना आपली मुले पाठवायची आहेत त्यांनी त्याआधी गट ऑफिसात नावे द्यावीत, म्हणजे मागणी किती आहे ते मंडळाला दिसेल.