इसब की सोरायसिस? मलम लावण्याआधी ओळखा

आमच्या देवणी भागात कातडीवर काहीही उठले की त्याला एकच नाव असते, नायटा. कोपरावर खपली धरली, नायटा. लेकराच्या गालावर पुरळ आले, नायटा. शेतातून आलेल्या माणसाच्या पापण्या सुजल्या, तोही नायटाच. आणि नायट्यावर इलाजही एकच, मेडिकलच्या दुकानातून आणलेली मलमाची नळी. या भागात दवाखाना चालवताना मला रोगापेक्षा या एका नावाचाच त्रास जास्त झाला आहे. कारण नायटा म्हणजे बुरशीचा रोग, तो एकाकडून दुसऱ्याला होतो. इसब आणि सोरायसिस हे बुरशीचेही नाहीत आणि कुणाला लागतही नाहीत. पण नायटा म्हटले की त्या माणसाचा टॉवेल वेगळा होतो, अंथरूण वेगळे होते, आणि पोरगी लग्नाची असेल तर सगळ्या घराची झोप उडते.

आमच्या शेवऱ्या देवणी वळूच्या अंगावरचे काळे-पांढरे ठिपके पाहून शेतकरी खूश होतो. माणसाच्या अंगावर एक डाग दिसला की तोच शेतकरी तोंड फिरवतो. असो.

आधी सोरायसिस. आपल्या कातडीचा वरचा थर सतत झडत असतो आणि खालून नवा येत असतो. या फेऱ्याला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा उगाच चेतते आणि हाच फेरा तीन ते पाच दिवसांत उरकू लागतो. जुनी कातडी झडायच्या आत नवी येते आणि थरावर थर साचतात. म्हणून लाल, जाड चट्टा दिसतो आणि त्यावर अभ्रकासारखे चांदीच्या रंगाचे पापुद्रे सुटतात. सावळ्या कातडीवर चट्टा लाल न दिसता जांभळट किंवा काळपट दिसतो, हे लक्षात ठेवा. चट्ट्याची कड बांधासारखी स्पष्ट असते, कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे बोटाने दाखवता येते. जागा म्हणजे कोपराची आणि गुडघ्याची बाहेरची बाजू, कंबर आणि डोके. डोक्यातल्या सोरायसिसला लोक वर्षानुवर्षे कोंडाच समजतात. नखे जरूर पाहा. नखांवर अंगुस्तानासारखे बारीक खड्डे असतील तर संशय बळावतो. बोटांचे सांधे सकाळी आखडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. सोरायसिसच्या बऱ्याच रुग्णांना सांधेदुखी जडते, आणि वेळेवर औषध मिळाले नाही तर सांधे कायमचे वाकतात.

इसबाची तऱ्हा निराळी. इथे खाज आधी, पुरळ मागून. खाज अशी की रात्री माणूस झोपेतही ओरबाडतो. सुरुवातीला बारीक फोड, मग पाणी सुटते, खपली धरते, आणि महिनोन्महिने खाजवून कातडी म्हशीच्या कातड्यासारखी जाड, काळी होते. चट्ट्याची कड अस्पष्ट असते, तो आजूबाजूच्या कातडीत मिसळून जातो. लहान मुलांत गालावर, थोड्या मोठ्या मुलांत कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत. अशा मुलांच्या घरात बहुधा कुणाला तरी दमा किंवा सतत शिंका येण्याचा त्रास असतो.

मोठ्या माणसांचे इसब पुष्कळदा बाहेरच्या वस्तूमुळे होते. सिमेंट कालवणारा गवंडी, खोटे दागिने घालणारी बाई, टिकलीच्या गोंदाने कपाळ खाजणारी सून. बिबा उतला की काय होते ते खेड्यात कुणाला सांगायला नको. तेही याच जातीचे दुखणे. पण आमच्या शेतकऱ्यांचा खरा वैरी म्हणजे गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो. भारतात त्याची प्रथम नोंद झाली ती आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात, १९५५च्या सुमारास. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानतात. त्यानंतर पुण्यात या गवताने होणाऱ्या इसबाचे रुग्ण मोठ्या संख्येने दिसू लागले आणि १९७४ साली डॉ. लोणकर व त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी त्यावर लेख लिहून ते जगापुढे मांडले. आज आमच्याकडे एक बांध त्याच्यावाचून नाही. या गवताचे सुकलेले कण वाऱ्याने उडतात आणि पापण्या, मान, कानामागची जागा, कोपराची घडी इथे इसब उठवतात. चाळिशी-पन्नाशीतला शेतकरी, चेहरा काळा पडलेला, मानेची कातडी जाड झालेली, उन्हात गेला की आग होते, असे सांगत येतो तेव्हा मी आधी बांधावरच्या गवताची चौकशी करतो.

आता कुणी म्हणेल, डॉक्टर, नाव काहीही असो, औषध द्या म्हणजे झाले. इथेच माझे भांडण आहे. सकाळचे कोवळे ऊन सोरायसिसच्या बहुतेक रुग्णांना मानवते. गाजर गवताच्या इसबाला तेच ऊन भडकवते. सॅलिसिलिक ॲसिडचे मलम सोरायसिसचे पापुद्रे सोडवते. पाणी सुटलेल्या इसबावर ते लावले तर कातडी सोलून निघते. डांबरापासून केलेल्या औषधाचेही तसेच. आणि स्टिरॉइडची इंजेक्शने किंवा गोळ्या! सोरायसिसच्या माणसाला त्या दिल्या की आठ दिवसांत कातडी लखलखीत होते, देणाऱ्याचे गावभर नाव होते, आणि औषध थांबले की रोग दामदुप्पट उसळतो. कधी अंगभर पूचे फोड येतात, ताप चढतो आणि रुग्णाला दवाखान्यात भरती करावे लागते. एकाचा उतारा दुसऱ्याचा घात ठरतो, म्हणून नाव कळायला हवे.

त्यातून ती नळी. तिच्यात बहुधा स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतूंचे औषध असे तीन पदार्थ एकत्र असतात. कशालाही लावा, दोन दिवस खाज थांबते. पण चट्ट्याची कड, पापुद्रे, लाली हे सगळे पुसट होते आणि मग तज्ज्ञालाही मूळ रोग ओळखता येत नाही. खरा नायटा असेल तर तो आतल्या आत पसरतो. जांघेत महिनोन्महिने लावली तर कातडी पातळ होऊन वळ पडतात, आणि ते जात नाहीत. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम कागदावर आहे. दुकानाच्या काउंटरवर काय चालते ते वाचकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. स्टिरॉइड मलम मुळात वाईट नाही. योग्य जागी, योग्य ताकदीचे, मोजून दिवस लावले तर इसबात आणि सोरायसिसमध्येही त्याच्यासारखे औषध नाही. प्रश्न ते कोण ठरवतो याचा आहे.

दोन्ही रोगांना लागू पडणारी गोष्ट मात्र स्वस्त आहे, आणि म्हणूनच कुणी करत नाही. कातडी कोरडी पडू द्यायची नाही. आमच्याकडे बोअरचे जड पाणी, त्यात हिवाळ्यात कढत पाण्याने अंग शेकायची हौस. पाणी कोमट घ्या, पाच-दहा मिनिटांत आंघोळ उरका, कपड्याचा साबण अंगाला लावू नका. अंग पंचाने टिपा, घासू नका, आणि ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन चोपडा. दिवसातून दोन-तीनदा. सोरायसिसचे पापुद्रे वजरीने घासून काढू नका. जिथे जखम होते तिथे नवा चट्टा उठतो. नखे कापलेली ठेवा. दारू आणि तंबाखू सोरायसिसला वाढवतात. गाजर गवत फुलायच्या आत उपटा, पण ज्याला त्याचा त्रास आहे त्याने नव्हे. उपटणाऱ्यानेही हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, आणि घरी आल्यावर ते कपडे वेगळे धुवावेत.

एक सूचना फार जपून. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून रोज घेतली तर जिवावर बेतते. ठरलेला वार घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. दिवस गेलेल्या बाईला ती चालत नाही.

महारोगाची शंका बऱ्याच जणांच्या मनात असते, पण विचारायला जीभ रेटत नाही. महारोगाचा डाग सहसा खाजत नाही. तो सुन्न असतो, टोचलेले कळत नाही. तसा डाग असेल तर लाज न धरता सरकारी दवाखान्यात जा, औषध फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. सोरायसिस आणि महारोग यांची गल्लत वैद्यांनीही शतकानुशतके केली. व्हिएन्नाच्या हेब्रा नावाच्या डॉक्टरांनी १८४१मध्ये ती सोडवली. आमच्या सोयरिकीच्या बैठकीत ती अजून सुटलेली नाही. सोरायसिस मुळापासून जाईल असे वचन मी देत नाही, कुणी दिले तर पैसे खिशातच ठेवा. पण तो ताब्यात राहतो, आणि तो असलेली माणसे संसार करतात, लेकरे वाढवतात.

महिनाभरात चट्टा गेला नाही, सांधे दुखू लागले किंवा अंगभर लाली पसरली तर तज्ज्ञाला दाखवा. अंगभर लालीबरोबर ताप असेल तर एक दिवसही थांबू नका. लातूरच्या आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग आहेत. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या नळ्या आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या, रिकामी झालेलीसुद्धा.