आकडा खरा, पण कारण?

निवडणूक जवळ आली की एक मेसेज हमखास फिरतो : मुस्लिमांचा जन्मदर सर्वांत जास्त, कारण त्यांचा धर्मच तसा. मुले वर्गात आम्हाला विचारतात, "सर, हे खरंय का?" आम्ही सांगतो, आकडा खरा आहे, पण त्याला जोडलेले कारण तपासावे लागेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये एका मुस्लिम स्त्रीमागे सरासरी २.३६ मुले होती, तर हिंदू स्त्रीमागे १.९४. म्हणजे फरक आहे. पण पावसाळ्यात छत्र्या उघडतात आणि बेडूकही ओरडतात. म्हणून छत्रीमुळे बेडूक ओरडला असे कोणी म्हणत नाही. दोन्हींमागे पाऊस असतो. दोन गोष्टी सोबत दिसणे हा सहसंबंध. एकीमुळे दुसरी घडणे हा कार्यकारणभाव.

आता मागे जाऊ. १९९२-९३ मध्ये हेच आकडे ४.४१ आणि ३.३० होते. मुस्लिमांचा दर जवळजवळ निम्म्यावर आला. दोन समाजांतले अंतरही १.११ वरून ०.४२ झाले. या काळात कलमा तोच, नमाज तीच. मग बदलले काय?

त्याच सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा दर २.८ आहे, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांचा १.८. हाही सहसंबंधच, हे आम्ही मान्य करतो. पण इथे कारणाची वाट दिसते : मुलगी शिकली की लग्न उशिरा होते, दवाखान्याची माहिती होते, निर्णयात तिचे मत चालते. गरिबी आणि आरोग्यसेवा यांचाही वाटा आहेच. सगळे श्रेय एकट्या शिक्षणाला देणे हीसुद्धा घाई होईल.

ही कसोटी आपल्या घरातही लावू या. पोलिओचे थेंब पाजले, दोन दिवसांनी बाळाला जुलाब झाले, म्हणून थेंबच वाईट, असे मोहल्ल्यात आजही ऐकू येते. त्या वयात जुलाब तसेही होतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, तसे हे.

म्हणून मेसेज पुढे पाठवण्याआधी विचारा : यामागे तिसरे कारण असेल का? आधी काय होते? आपल्याला आवडणाऱ्या मेसेजलाही हेच विचारा. आणि दहावीनंतर घरी बसवलेली मुलगी असेल, तर यंदा तिचा अकरावीचा फॉर्म जरूर भरा.