शिक्षा झालेल्याच्या हाती दारूचा परवाना कशासाठी?

दारू विकणे हा कोणाचाही मूलभूत हक्क नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली हर शंकर खटल्यात हे स्पष्ट केले आहे. परवाना म्हणजे सरकारने अटींवर दिलेली सवलत होय. कायदा मोडणाऱ्याकडे ती राहावी काय?

महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ याच्या कलम ५४ प्रमाणे परवानाधारकास या कायद्याखालील, अथवा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली, तर परवाना देणारा अधिकारी तो रद्द किंवा स्थगित करू शकतो. करू शकतो, करीलच असे नाही! शिवाय रद्द करावयाचा तर कारणे लेखी नमूद करण्याचे बंधन आहे. स्वस्थ बसावयाचे तर एक ओळही लिहावी लागत नाही. पाणी मुरते ते येथेच.

ज्या वस्तीत दारूने मजुराची मजुरी गिळली आणि घरच्या स्त्रीच्या पाठीवर वळ उठविले, तिने दाद कोठे मागावी? मादक पेयांची बंदी घडवून आणण्यासाठी राज्याने झटावे, असे घटनेचे ४७ वे कलम सांगते. मग निदान गुन्हेगाराचे दुकान तरी बंद करा!

परवानाधारकावर अन्याय व्हावा असे आम्ही म्हणत नाही. केवळ आरोपावरून परवाना काढू नये. अपिलात तो निर्दोष ठरल्यास फेरविचार व्हावा. परंतु शिक्षा होताच परवाना स्थगित झालाच पाहिजे, आणि तो पुन्हा चालू करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याची कारणे लेखी जाहीर केली पाहिजेत. तशी दुरुस्ती करणे विधिमंडळाचे काम आहे. ती करावयास लावणे हे आपले.