दुरुस्ती करा, पण सांगून

अद्भुतरम्य कादंबरीमालेचा तिसरा भाग जुळेना, की स्वतःच प्रकाशक असलेला लेखक पहिल्या भागाची ई-फाइल रातोरात बदलू शकतो. विकलेले पुस्तक असे गुपचूप बदलणे म्हणजे वाचकाची फसवणूक. 'द हॉबिट' १९३७ साली आले. अंगठीच्या पुढच्या कथेसाठी टॉल्किनने १९५१च्या आवृत्तीत गॉलमचे प्रकरण बदलले, पण जुना पाठ लपवला नाही. बिल्बोने आधी खोटे सांगितले होते, असे म्हणून त्यालाही कथेत जागा दिली. बदलाचा हक्क लेखकाचाच आहे. पण वर संपादक नसला, की जबाबदारीही त्याचीच. आवृत्तीचा क्रमांक, तारीख आणि काय बदलले, हे पहिल्या पानावर छापा. ते जमत नसेल, तर जुना भाग आहे तसा राहू द्या.