असणे आणि बदलीवर असणे

परप्रांती नोकरीस असलेल्या आमच्या अधिकारीवर्गात एक वाक्य फार रुळले आहे : "आम्ही इथले नाही, बदलीवर आहोत." यात नम्रता असावी, असे प्रथमदर्शनी वाटते. आमच्या मते ही स्वतःच्या असण्यावरच काढलेली दीर्घ रजा आहे, आणि ती कोणीही मंजूर केलेली नाही.

बंगळूरच्या मराठी मंडळींची एखाद्या रविवारी होसकोट्यास सहल निघते. कोलारच्या रस्त्यावर, शहराच्या पूर्वेस, पंचवीसएक किलोमीटरांवर हे गाव. तेथे उतरताच कोणीतरी म्हणतो, "येथे आपण होतो!" शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूर, कोलार यांच्यासह होसकोटे होते, हे खरे. १७६८ च्या ऑगस्टात मुरारराव घोरपड्यांच्या येथील छावणीवर हैदरअलीने रात्री घातलेला छापा फसला, हेही खरे. मुरारराव तेव्हा इंग्रजांचे दोस्त होते, एवढे मात्र कोणी सांगत नाही. सायंकाळी मंडळी परततात. अविमुक्तेश्वराचे देऊळ आणि गावचे मोठे तळे पाहायचे राहून जाते, कारण ती 'आपली' नव्हेत. होसकोटे म्हणजे कानडीत 'नवा कोट', हे बंगळुरात दहा वर्षे काढलेल्यांपैकीही कित्येकांस ठाऊक नसते.

'होतो' हा असण्याचा दाखला होऊ शकत नाही. ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त 'सत्' या शब्दाचीही परीक्षा केली आणि तो केवळ असत्‌चे निवारण करतो, असे दाखवले. आमचा अभिमान तेवढ्यावरच थांबला आहे : आम्ही नाहीसे झालो नाही! बरे, मग पुढे? मराठीने आपल्याला 'आहे' आणि 'असतो' अशी दोन रूपे दिली आहेत. खुर्चीवर कोण आहे, हे हजेरीपट सांगतो. गावात कोण असतो, हे शेजारी सांगतात.

ज्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो, ते शहाजीराजे तरी दुसरे कोण होते? विजापूरच्या चाकरीतच ते कर्नाटकात आले. परंतु पुण्यास परतेपर्यंत जगणे तहकूब, असे त्यांनी ठेवले नाही. जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त त्यांच्या दरबारी अनेक भाषांचे कवी भेटतात. १६६४ साली होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. समाधीही तेथेच आहे.

कोणी म्हणेल, त्यांच्या हाती सत्ता होती, आमच्या हाती तीन वर्षांचा हुकूम आहे. मान्य. पण जी तीन वर्षे निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरली जातात, ती जगण्याच्या हिशेबातून का गाळावी?

या रजेची किंमत मुले भरतात. घरात मराठी अक्षर नाही, अंगणात कानडी शब्द नाही. सुट्टीत आजोळी गेली की तेथेही ती पाहुणीच. आमचे मागणे थोडके आहे. मुलांस मराठी वाचावयास शिकवा आणि स्वतः कानडी बोलावयास शिका. ज्यास एक भाषा मनापासून आपली वाटते, त्यास दुसरीचा मान ठेवणे जड जात नाही.

पुढल्या रविवारी होसकोट्यास गेलात, तर थोडा वेळ तळ्याकाठी बसा. येथे आपण होतो, हे सांगण्यापूर्वी आज आपण येथे कोण आहो, हे तेथल्या माणसास त्याच्या भाषेत सांगता आले पाहिजे.