झाडू अधिष्ठात्यांच्या हाती देऊन काय साधले?

मा. संपादक,


२०२३ साली नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बालके होती. त्यावर उपाय काय, तर एका खासदारांनी कॅमेऱ्यासमोर रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला आणि त्यांच्याकडून संडास साफ करून घेतला. ती चित्रफीत तमिळनाडूतल्या आमच्या तंजावूरच्या मराठी घरांतही तेव्हा फिरली. इथल्या सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. ते दृश्य पाहून संताप आला, म्हणून हे पत्र.

संडास घाण होता, हे खरेच असेल. पण तो घाण का राहतो, हे तिथल्या सफाई कामगाराला कुणी विचारले का? वरच्या मजल्यावर पाणी चढत नसेल, फिनेल महिन्याच्या मध्यालाच संपत असेल, कंत्राटदाराने कागदावर चार माणसे दाखवून प्रत्यक्षात एकच पाठवला असेल. हे त्या कामगाराला रोज दिसते. त्याला बोलायला जागा नाही आणि बोललाच तर दुसऱ्या दिवशी काम राहील याची खात्री नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की रुग्णालयात कुठे काय बिघडले आहे, हे आधी वॉर्डातल्या माणसांना कळते, आणि नेमके त्यांनाच कुणी विचारत नाही. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षात आग लागून दहा बाळे गेली. आगप्रतिबंधक यंत्रणेचा प्रस्ताव मंजुरीवाचून पडून होता, असे तेव्हा वृत्तपत्रांनीच छापले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, अकरा रुग्ण दगावले. अटक कुणाला झाली? एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि परिचारिकांना. वायरिंग कुणी केले, ते कुणी तपासले, हे प्रश्न मागे पडले. शिक्षा द्यायची वेळ आली की सिस्टर लगेच सापडते. मग सुरक्षेची बैठक भरते तेव्हा ती का सापडत नाही?

आमच्या तंजावूरच्या सरकारी रुग्णालयात २०२१ साली एका नवजात बाळाच्या हातावरची सलाईनची पट्टी कापताना अंगठ्याचे टोक कापले गेले. चूक गंभीरच होती, तिचे समर्थन मी करणार नाही. पण बाळाच्या पट्टीला कात्री लावावी का लागते, ट्रेमध्ये बोथट टोकाची कात्री असते का, एका सिस्टरकडे किती बाळे असतात, हे प्रश्न प्रत्येक बालकक्षात विचारले गेले पाहिजेत. चिकटपट्टी ओल्या कापसाने सैल करून हाताने सोडवावी, हे कुठलीही जुनी सिस्टर सांगेल. त्याला पैसा लागत नाही.

एका रुग्णालयात आमच्या मजल्यावर ऑक्सिजन सिलिंडरची चावी एकच होती. रात्री ती स्टोअरमध्ये कुलूपबंद. आमच्या एका आयाबाईंनी जुन्या चाव्या गोळा केल्या आणि गॉजच्या पट्टीने प्रत्येक सिलिंडरच्या मानेला एकेक बांधून टाकली. धावपळ थांबली. पुढच्या तपासणीला आलेल्या साहेबांना त्या पट्ट्या ‘अव्यवस्थित’ वाटल्या आणि सगळ्या चाव्या पुन्हा स्टोअरमध्ये गेल्या. त्या बाईंचे नाव कुठल्याही अहवालात नाही.

वॉर्डातून सुरू झालेले काम टिकते, याला महाराष्ट्रातच पुरावा आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती वरून आलेल्या आदेशाने नव्हे. डब्याच्या आणि बाटलीच्या दुधातून बाळांना जंतुसंसर्ग होतो, हे त्यांना कक्षात रोज दिसत होते. करोनाच्या साथीत २०२१ मध्ये नंदुरबार जिल्ह्याने ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या. कुणाला किती प्राणवायू लागतो हे खाटेजवळ जाऊन पाहायचे आणि गरज नसेल तिथे नळी बंद करायची, एवढेच त्यांचे काम. जिल्ह्याजिल्ह्यांत प्राणवायूच्या टँकरसाठी हाकाटी चालली होती, तेव्हा तिथे प्राणवायू वाचत होता.

आणि औषधांचे काय? तमिळनाडूने १९९४ सालीच औषधखरेदीचे महामंडळ काढले. इथे प्रत्येक रुग्णालयाकडे पासबुक असते, त्यात वर्षाची तरतूद लिहिलेली असते. जिल्ह्याच्या गोदामातून औषध उचलायचे आणि नोंद करायची. कुठले औषध संपत आले हे फार्मासिस्टला कळते आणि त्याच्या मागणीवर माल हलतो. महाराष्ट्र मात्र २०२३ मध्येही औषधखरेदी हाफकिनने करायची की नव्या प्राधिकरणाने, यातच अडकला होता. तमिळनाडूचे सगळेच छान आहे असे मी म्हणत नाही. करोनात घेतलेल्या दोन हजारांवर कंत्राटी परिचारिकांना इथल्याच सरकारने ३१ डिसेंबर २०२२ ला घरी पाठवले, त्याचाही मला तितकाच राग आहे. आज आहे, उद्या नाही, अशा सिस्टरने वॉर्ड सुधारण्याचा विचार करायचा तरी कधी?

कचऱ्याचीही तीच कथा. २०१६ च्या नियमांप्रमाणे आम्ही पिवळ्या, लाल पिशव्यांत आणि निळ्या खुणेच्या डब्यांत कचरा वेगळा करत असू, सुया पांढऱ्या डब्यात टाकत असू. खाली गाडीवर सगळे एकत्र रचलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. सुई टोचते ती त्या गाडीवाल्याला, आणि त्याची नोंदसुद्धा होत नाही.

नोंद ठेवणे काय असते, हे तंजावूरच्या मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. तंजावूरचे मराठा राजे दुसरे सरफोजी महाराज यांच्या काळातली (१७९८ ते १८३२) नेत्ररुग्णांची नोंदपत्रे इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. रोग्याचा डोळा चितारलेला आहे, उपचार लिहिलेला आहे. दोनशे वर्षांनी ती वाचता येतात. आजच्या वॉर्डात थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद दुसऱ्या दिवशी शोधली तरी मिळत नाही.

मग करायचे काय? केंद्राच्या २०१५ पासूनच्या ‘कायाकल्प’ योजनेत स्वच्छ रुग्णालयांना मिळणाऱ्या बक्षिसाच्या रकमेतला चौथा हिस्सा कर्मचाऱ्यांसाठी आहे. तो कंत्राटी सफाई कामगारांपर्यंत पोहोचलाच पाहिजे. प्रत्येक वॉर्डात दर महिन्याला सिस्टर, आयाबाई, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार यांची बैठक घ्या. वॉर्डाच्या सिस्टरच्या सहीने खर्च करता येईल असा लहानसा निधी द्या. तिने लिहिलेल्या तक्रारीला अधिकाऱ्याने सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे, अशी सक्ती करा.

आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे. नांदेडसारख्या पुढच्या बातमीसाठी नेत्याच्या गाडीमागे धावू नका. रात्रपाळीच्या सिस्टरला आणि झाडूवाल्याला विचारा आणि ते काय सांगतात ते पहिल्या पानावर छापा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, तंजावूर