पोटदुखीमागची मण्यार ओळखणार कोण?

आषाढ-श्रावणात घरात खाली अंथरूण टाकून झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो. एखादी उलटी होते. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही, साप कुणी पाहिलेला नाही. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. दवाखान्यातही पित्ताची गोळी मिळते. काही तासांत पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, थुंकी गिळवत नाही आणि शेवटी श्वास अडतो. मण्यार चावलेली असते. तिचे दात बारीक, चावल्याचं फारसं दुखतही नाही.

याचं खापर थेट डॉक्टरवर फोडणं सोपं आहे. पण मण्यारीचा धडा प्रत्येक एमबीबीएसने वाचलेला असतो. तो पहाटे नेमका आठवत नाही, ही खरी अडचण आहे. रोज पोटदुखीचे रुग्ण बघणाऱ्याचं मन आधी पित्ताकडेच धावणार. पापण्या नीट उघडतात का, खाली झोपला होता का, हे विचारायची सवय लावावी लागते. आणि ती जिल्ह्याच्या सभागृहात दिवसभर पडद्यावरची चित्रं पाहून, हजेरीपटावर सही करून लागत नाही.

आता अ‍ॅडॅप्टिव्ह ई-लर्निंग नावाचा प्रकार आला आहे. नाव अवघड, गोष्ट साधी. सतराचा पाढा अडखळला की जुने गुरुजी सतराच घोकून घेत, येणाऱ्याला पुढे नेत. संगणक किंवा मोबाईल तेच करतो. पडद्यावर रुग्ण येतो, डॉक्टर एकेक प्रश्न विचारतो, तपासणी मागतो, निदान लिहितो. पापण्या न बघताच पित्त लिहिलं, तर चूक कुठे झाली ते दाखवून तशीच दुसरी केस पुढे येते, वेगळ्या रूपात. घोणसच्या दंशात वीस मिनिटांत रक्त गोठतं का हे पाहतात. मण्यारीत ते बहुधा नीट गोठतं, म्हणून तेवढ्यावर विसंबून चालत नाही. असा बारकावा चुकत-चुकतच पक्का होतो. इथे चुकलं तर कुणाचा जीव जात नाही.

बघून-बघून शिकण्याची आपल्याकडे परंपरा आहेच. महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्रंदिवस पाहिले. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय यांचा अर्थ लावला, प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण प्रत्येक तरुण डॉक्टरने तेवढी वर्षं, तेवढे रुग्ण पाहून शिकावं असं म्हणायला आपल्याकडे वेळ कुठे आहे? २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यात बहुतेक आपलीच, शेतावरची.

अर्थात पडद्यावर पास झालेला डॉक्टर लस नसेल तर काय करणार? केंद्रात डॉक्टरच नसेल तर शिकवायचं कुणाला? ही रड जुनी आहे आणि खरी आहे. संगणक दाखवून ती झाकू देता कामा नये. शिवाय केसेस परदेशी पुस्तकातून उचलल्या तर त्यात मण्यार येणारच नाही. त्या आपल्याच जिल्ह्याच्या नोंदींतून, रुग्णांची नावं वगळून, तयार व्हाव्यात. नर्स आणि उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही त्या सोडवायला द्याव्यात, कारण पहाटे दार तेच उघडतात.

पावसाळ्याआधी रुग्ण कल्याण समितीची बैठक होईल. सरपंचांनी तिथे दोनच प्रश्न विचारावेत. सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत, आणि पहाटेच्या पोटदुखीची केस आपल्या केंद्रात शेवटची कुणी, कधी सोडवली? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत.